दिग्रसमध्ये राहून सायबर गुन्ह्यांवर पीएच.डी. करता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी एम.एस्सी. संगणकशास्त्र केलं आहे. यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रस तालुक्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. संगणक गुन्ह्यांवर पीएच.डी. करायची आहे. सर म्हणतात, 'मशीन लर्निंग वापरून इंट्रूजन डिटेक्शन' (उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामनं नेटवर्कमधली घुसखोरी ओळखणं) घ्या, सगळे तेच घेतात, लवकर सुटतं. जगात या विषयाचं संशोधन नेमकं कुठे चाललं आहे? आणि खेड्यात राहून यातलं काही जमेल का, की नागपूर-पुणं गाठावंच लागेल?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. गाठावं लागणार नाही. उलट गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे संशोधन ज्या दिशेनं सरकलं आहे, त्या दिशेला दिग्रस पुण्यापेक्षा जवळ आहे. असं का म्हणतो, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

मी प्राध्यापक नाही. बावीस वर्षं यवतमाळ, वाशीम आणि अमरावती जिल्ह्यांत डिजिटल पुराव्याचं काम करतो. जप्त केलेले मोबाईल, हार्ड डिस्क, बँकांचे लॉग. कधी पोलिसांसाठी, कधी बचावाच्या वकिलासाठी. शोधनिबंध वाचायची सवय कोर्टानं लावली. उलटतपासणीत वकील विचारतो, "तुमच्या या म्हणण्याला आधार काय?" आणि "अनुभव" एवढं उत्तर दिलं की साक्षीचा भुगा होतो.

जुना इतिहास पटकन उरकतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत डॉन पार्कर या माणसानं संगणकाच्या गैरवापराची प्रकरणं एकेक करून गोळा केली, तेव्हा त्यातले बरेच आरोपी आतलेच होते: कारकून, प्रोग्रामर, हिशेबनीस. म्हणजे सुरुवात माणसापासून झाली होती. मग २ नोव्हेंबर १९८८ला कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं सोडलेला वर्म (स्वतःच्या नकला काढत पसरणारा प्रोग्राम) इंटरनेटभर पसरला, १९९०मध्ये त्याला दोषी ठरवलं गेलं, आणि या विषयाचा ताबा संगणकशास्त्रानं घेतला. गुन्हा म्हणजे नेटवर्कवरची विचित्र हालचाल, आणि संशोधन म्हणजे ती ओळखणारं यंत्र. तुमच्या सरांचा विषय तिथला आहे. वाईट नाही, शिळा आहे.

किती शिळा ते बघा. इंट्रूजन डिटेक्शनवरचे आपल्याकडचे कितीतरी प्रबंध केडीडी कप ९९ नावाच्या डेटावर उभे आहेत. हा डेटा १९९८ साली अमेरिकी हवाई दलाच्या नेटवर्कची नक्कल करून प्रयोगशाळेत तयार केलेला. त्या काळी आपल्याकडे एसटीडी बूथसमोर रांग लागायची. २००९मध्ये काही संशोधकांनी तो तपासला तर प्रशिक्षणाच्या नोंदींपैकी सुमारे ७८ टक्के नोंदी एकमेकींच्या हुबेहूब नकला निघाल्या. त्या गाळून त्यांनी सुधारित संच काढला. आता प्रबंध त्याच्यावर होतात, पण मूळ नेटवर्क तेच, १९९८चं. परीक्षेत आलेलाच प्रश्न गृहपाठात ७८ वेळा सोडवून घेतला तर पोरगं पहिलं येणारच. त्याला हुशार म्हणायचं का?

दुसरी गंमत "९९ टक्के अचूकते"ची. कोणताही प्रबंध उघडा, ९८ ते ९९.८च्या मध्ये आकडा सापडेल. आता समजा एखाद्या बँकेत दिवसाला एक लाख व्यवहार होतात आणि त्यात खरे फसवणुकीचे दहा. तुमचं ९९ टक्केवालं यंत्र ते दहाही पकडतं असं धरू. पण उरलेल्या ९९,९९० चांगल्या व्यवहारांपैकी एक टक्का, म्हणजे हजार व्यवहार, ते चोर म्हणून दाखवतं. दहा चोरांसाठी हजार सरळ माणसं रांगेत उभी. त्यातला एक कास्तकार, ज्याच्या खात्यात वर्षातून एकदाच कापसाचा मोठा चुकारा येतो आणि तो त्याच दिवशी काढून कृषी केंद्राची उधारी फेडतो. यंत्राच्या नजरेत याच्याइतका संशयास्पद माणूस दुसरा नाही! दुर्मिळ घटना शोधताना ही अडचण येतेच, हे ॲक्सेलसन या संशोधकानं १९९९मध्येच दाखवून दिलं होतं. २०२२मध्ये आर्प आणि सहकाऱ्यांनी नावाजलेल्या परिषदांमधले सुरक्षा विषयावरचे ३० मशीन लर्निंग निबंध तपासले, तर प्रत्येकात काही ना काही अशा चुका सापडल्या. जगातल्या पहिल्या फळीची ही गत, तर आपण कोण.

तेव्हा ज्याला यंत्रच बनवायचं आहे त्यानं आज जरूर बनवावं, पण डेटा आपल्या मातीतला हवा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता दुसरी वाट. २०००च्या सुमारास गुन्हेशास्त्रातली मंडळी या वाटेनं आत आली. पहिला वाद असा की हा गुन्हा खरंच नवा आहे का? ऑस्ट्रेलियाच्या पीटर ग्राबोस्कींनी २००१मध्ये विचारलं, ही जुनीच दारू नव्या बाटलीत तर नाही? ठकवणूक जुनीच, साधन तेवढं बदललं. या वादात सगळ्यात जास्त घासून निघाला तो कोहेन आणि फेल्सन यांचा १९७९चा सिद्धांत: गुन्हा घडायला करणारा हवा, भक्ष्य हवं, आणि राखणदार नसावा, हे तिन्ही एका वेळी एका जागी जुळले की गुन्हा घडतो. पुस्तकात हे जड वाटतं. तुम्ही शेतकऱ्याच्या घरच्या असाल तर जागल माहीत असेलच. रानडुक्कर, हरभरा आणि मचाणावर झोप लागलेला जागल्या. झालं, सिद्धांत संपला. २००५मध्ये माजिद यार यांनी हरकत घेतली की इंटरनेटवर "एका जागी" याला अर्थच नाही. तिथे बांध नाही, धुरा नाही, रात्र नाही. जगातलं प्रत्येक डुक्कर प्रत्येक वावराला खेटून उभं आहे.

आपल्याकडचंही एक नाव इथे घ्यायला हवं. के. जयशंकर यांनी २००७मध्ये तमिळनाडूतून सायबर गुन्हेशास्त्राचं आंतरराष्ट्रीय नियतकालिक सुरू केलं. प्रत्यक्ष जगात मान खाली घालून वागणारा माणूस पडद्यामागे गेला की वेगळा का वागतो, याबद्दलचा त्यांचा सिद्धांत बाहेरच्या देशांतही वापरला जातो. तिरुनेलवेलीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून हे उभं राहिलं. दिग्रसहून लाजायचं कारण नाही.

यार यांची हरकत मला बरीच वर्षं बिनतोड वाटायची. मग अंगठ्याची प्रकरणं यायला लागली.

आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा, एवढ्यावर बँक मित्राच्या (गावात बँकेच्या वतीनं पैसे देणारा-घेणारा माणूस) यंत्रातून पैसे निघतात. ना ओटीपी, ना पिन. सोय म्हणून उत्तमच आहे. ज्या म्हातारीला सही येत नाही तिला तालुक्याची वारी वाचते. पण याच सोयीत दोन भोकं पडली. एक लांबून: जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे आणि आधार क्रमांक उचलून, सिलिकॉनचं खोटं बोट बनवून देशात कुठूनही पैसे काढणं. ठसा जिवंत बोटाचा आहे का हे तपासण्याची कडक व्यवस्था आधार प्राधिकरणानं २०२३मध्ये आणली ती याच धर्तीच्या प्रकारांमुळे. दुसरं भोक मात्र अगदी जवळचं. एका आजीनं मला सांगितलं ते तसंच लिहितो: "त्यानं मले म्हटलं, माय, अंगठा उठला नाही, आणखी एकदा ठेव. मी ठेवला. मंग म्हणे सर्वर डाऊन हाये, उद्या ये." आजीला पैसे मिळाले नाहीत, खात्यातून मात्र दोनदा गेले.

आता सांगा, हा सायबर गुन्हा "जागेविना" आहे का? इथे जागा आहे, वेळ आहे, ओळखीचा चेहरा आहे, गावातलं नातंही आहे. राखणदार म्हणून नेमलेलाच डुक्कर निघाला. सगळे बँक मित्र असे नसतात, बहुतेक नसतातच; त्यांच्याशिवाय निम्मी गावं अडतील. पण यार यांच्या हरकतीला इतकं चांगलं उत्तर युरोपातल्या कुठल्याही विद्यापीठाला मिळणार नाही, कारण त्यांच्याकडे अंगठ्यावर चालणारी बँकच नाही. तुमच्याकडे ती बाजारओळीत आहे.

यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा मुद्दा वेळेचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, अशा प्रकरणात ग्राहकानं बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. आता आजीचा संदेश कुठे जातो? खात्याला जोडलेला नंबर नातवाचा, नातू पुण्याला कंपनीत, त्यानं सिम बदलून वर्ष झालं. तिला कळतं ते पासबुकावर नोंद मारायला गेल्यावर, म्हणजे पोळ्याला नाहीतर दिवाळीला. चोरी झाली कधी आणि कळली कधी, या दोन तारखांमधलं अंतर खेड्यात किती दिवसांचं असतं? याचं तालुका पातळीवरचं मोजमाप माझ्या वाचनात आलेलं नाही. मोजायला संगणकसुद्धा लागत नाही. दोन तारखा लागतात.

मोजण्याची गोष्ट निघाली आहे तर तिसऱ्या वाटेबद्दल बोलू. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात कसदार काम तिथे झालं आहे. साधारण २००८नंतर काही संगणकशास्त्रज्ञांनी यंत्राकडे पाठ फिरवली आणि हिशेबाची वही उघडली. गुन्हेगाराला यात मिळतं किती? स्टीफन सॅव्हेज आणि मंडळींनी २००८मध्ये एका स्पॅम (न मागता येणारे जाहिरातींचे ईमेल) पाठवणाऱ्या जाळ्यात शिरून पाहिलं: २६ दिवस, जवळपास ३५ कोटी ईमेल, आणि विक्री किती? २८. मग २०११मध्ये त्यांनी उलटा माग काढला, स्पॅममधून विकल्या जाणाऱ्या मालाचे पैसे शेवटी जातात कुठे. अशा ९५ टक्के मालाचा पैसा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बँकांमधून जात होता. ईमेल अब्जावधी, सर्व्हर हजारो, पण नरडं एकच: पैसा वळवून घेण्याची जागा.

याच रांगेत केंब्रिजचे रॉस अँडरसन. त्यांच्या गटानं २०१२मध्ये सायबर गुन्ह्यांच्या खर्चाचा हिशेब मांडला. त्यात एक उदाहरण असं की २०१०मध्ये जगातल्या एक तृतीयांश स्पॅममागे असलेल्या जाळ्यानं मालकांना मिळवून दिले सुमारे २७ लाख डॉलर, आणि स्पॅम अडवण्यावर जगानं खर्च केले शंभर कोटी डॉलरहून जास्त. म्हणून अँडरसन म्हणायचे, अँटिव्हायरसवर थोडं कमी आणि चोर पकडण्यावर थोडं जास्त खर्च करा. ते २०२४मध्ये गेले. त्यांच्या विद्यापीठात २०१५पासून सायबर गुन्ह्यांचं केंद्र चालतं. गुन्हेगारी चर्चामंचांचा आणि हल्ल्यांचा गोळा केलेला डेटा ते रीतसर करार करून इतर संशोधकांनाही देतात. तुमच्या विद्यापीठामार्फत अर्ज करता येतो. विचारून बघायला पैसे पडत नाहीत.

त्याच काळात फ्लोरेन्सिओ आणि हर्ले या दोन संशोधकांनी सर्वेक्षणांची खोड मोडली. ती खोड आपल्याकडे अजून जोमात आहे, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. शंभर जणांना विचारलं, "ऑनलाइन फसवणुकीत किती गेले?" नव्याण्णव म्हणाले शून्य. एक जण म्हणाला पाच लाख. खरं, खोटं, की जमिनीच्या व्यवहारात बुडालेलेही त्यानं त्यातच धरले, देव जाणे. तालुक्याची लोकसंख्या एक लाख धरून गुणाकार केला की मथळा तयार: तालुक्यात पन्नास कोटींचा सायबर गंडा. एका माणसाच्या तोंडून पन्नास कोटी निघाले. तुम्ही प्रश्नावली वाटणार असाल तर हे आधी पाठ करा.

मग सरकारी आकडे घ्यावेत? घ्या, पण ते काय मोजतात हे समजून. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात देशातले सायबर गुन्हे २०२२मध्ये ६५,८९३ आणि २०२३मध्ये ८६,४२०. त्याच २०२३ साली राष्ट्रीय पोर्टलवर आणि १९३० या हेल्पलाइनच्या यंत्रणेत आलेल्या तक्रारी पंधरा लाखांच्या वर. पहिला आकडा दाखल गुन्ह्यांचा, दुसरा तक्रारींचा. मधली दरी एवढी मोठी की तिच्यात दहा पीएच.डी. मावतील.

ती दरी तालुक्यात कशी तयार होते ते मी जवळून पाहिलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८प्रमाणे त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानंच करायचा. आपल्याकडे कितीतरी लहान ठाण्यांचा ठाणेदार सहायक पोलीस निरीक्षक असतो. म्हणजे त्या ठाण्यात कलम ६६-ड (संगणक वापरून तोतयेगिरीनं फसवणूक) लावलं की तपास दुसरीकडे पाठवणं आलं. मग बरेचदा काय होतं? साधं फसवणुकीचं कलम लागतं, पूर्वी ४२०, आता न्याय संहितेचं ३१८. किंवा अर्ज चौकशीवर राहतो. किंवा "सायबर सेलला जा, यवतमाळला." मजुरी बुडवून, एसटीनं साठ-सत्तर किलोमीटर, चार हजार रुपयांसाठी कोण जाईल? यात मी कुणाला दोष देत नाही. बंदोबस्त, निवडणूक, वाळूच्या गाड्या, आणि त्यातच हे. पण "ग्रामीण भागात सायबर गुन्हे कमी आहेत" असं वाक्य कुठे वाचलं की मला ती एसटी आठवते.

आता नरड्याकडे परत. आपल्याकडच्या गुन्ह्यात ते नरडं म्हणजे भाड्यानं दिलेलं खातं. पोलीस यातल्या टप्प्यांना "लेयर" म्हणतात: पहिल्या लेयरच्या खात्यात पैसे आले, तिथून मिनिटांत चार खात्यांत, तिथून पंधरा, शेवटी कुठल्यातरी एटीएममधून नगदी. फ्लोरेन्सिओ आणि हर्ले यांनीच २०१२मध्ये दाखवलं की पासवर्ड चोरणं सोपं आहे, चोरलेला पैसा परत न घेता येईल असा बाहेर काढणं अवघड; तुटवडा पासवर्डचा नाही, पैसा वाहणाऱ्या माणसांचा आहे. ही माणसं कोण? डिसेंबर २०२४मध्ये रिझर्व्ह बँकेनं अशी खाती हुडकणाऱ्या म्यूलहंटर नावाच्या यंत्रणेची घोषणा केली. यंत्र खातं ओळखेल. पण बारावी नापास पोरानं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम पाच हजारांना का दिलं, कुणाच्या सांगण्यावरून दिलं, पानठेल्यावर की इन्स्टाग्रामवर, हे यंत्र सांगणार नाही. मला भेटलेल्या अशा पोरांपैकी बहुतेकांना आपण काय केलं हेच माहीत नव्हतं. एक जण म्हणाला, "गेमिंगचं अकाउंट हाये म्हणे, जीएसटी वाचवाले."

आणि याची दुसरी बाजूही आहे, तिच्यावर तर फारच थोडं लिहिलं जातं. वरूडकडचा एक संत्र्याचा व्यापारी. परप्रांतातल्या एका गिऱ्हाइकानं यूपीआयनं अठरा हजार पाठवले. ते पैसे कुठल्यातरी फसवणुकीतून फिरत आलेले. तिकडच्या पोलिसांच्या पत्रावर इथलं पूर्ण खातं गोठलं, त्यात सहा लाखांच्या आसपास रक्कम. आंबिया बहाराची तोड चालू, मजूर दारात. सुटायला दोन महिन्यांहून जास्त लागले. फसवणूक झालेल्याला अठरा हजार परत मिळावेत हे बरोबरच आहे. पण गोठवण्याची किंमत कोण मोजतं, किती दिवस मोजतं, किती खाती पूर्ण गोठतात आणि किती फक्त तेवढ्या रकमेपुरती, हे कुणीतरी मांडायला हवं.

माणसांबद्दलचं संशोधन आता बऱ्यापैकी जुनं झालं आहे, तरी दोन गोष्टी घ्या. हर्लेचाच २०१२चा एक छोटा निबंध आहे: नायजेरियाचे ठग आपण नायजेरियाचे आहोत असं उघड का सांगतात? कारण शंकेखोर माणूस तिथेच गळून जातो आणि उरतात ते शेवटपर्यंत येणारे. ठगाचा वेळ वाचतो. "पीएम किसान" नावाची एपीके फाइल (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) इतक्या गबाळ्या मराठीत का येते याचं एक उत्तर इथे असू शकेल, किंवा लिहिणाऱ्याला मराठी येतच नसेल! दुसरी गोष्ट लाजेची. ऑस्ट्रेलियाच्या कॅसांड्रा क्रॉस यांनी वर्षानुवर्षं फसवले गेलेल्यांशी बोलून दाखवलं की "लोभी होता, म्हणून फसला" हा शिक्का तक्रारीच्या आड येतो. आपल्या गावात हा शिक्का डबल बसतो, कारण इथे प्रत्येकाला प्रत्येकाचं ठाऊक. मला एका शिक्षकानं बँकेचे कागद दाखवायला रात्री नऊनंतर बोलावलं, तेही गावाबाहेरच्या रसवंतीवर.

गुन्हेगारांबद्दल म्हणाल तर तिथेही हवा बदलली आहे. २०२०मध्ये केंब्रिजच्या मंडळींनी लिहिलं की हे बहुतेक काम कंटाळवाणं असतं: सर्व्हर सांभाळणं, गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणं. हुडी घातलेला हुशार हॅकर फक्त पोस्टरवर. २०२४मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं ९२ तज्ज्ञांना विचारून देशांचा सायबर गुन्हे निर्देशांक काढला. त्यात रशिया पहिला, भारत दहावा. तज्ज्ञांच्या मतांवर उभा आहे, तेवढं सावध राहून वाचा. आणि ऑगस्ट २०२३च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानं तर चित्रच उलटवलं: म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं फसवणुकीच्या अड्ड्यांमध्ये जबरदस्तीनं कामाला जुंपलेली असावीत असा अंदाज. फोनच्या त्या टोकाचा ठग स्वतःच कोंडलेला असू शकतो. "थायलंडला डेटा एंट्रीची नोकरी" अशी जाहिरात आपल्या पोरांच्या ग्रुपवरही फिरते.

डीपफेक, कृत्रिम बुद्धिमत्ता यावर सध्या निबंधांचा पूर आहे. त्यात थोडं पाणी आहे, बराचसा फेस. घाईनं उडी मारू नका.

कायद्याच्या अंगाचं संशोधन आपल्याकडे मुबलक होतं, पण बहुतेक कलमं एकापुढे एक मांडण्याचं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२०चा मोठा निकाल, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून निघालेला. १ जुलै २०२४पासून नवीन साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू झालं. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा) लिहावी लागते. निकालाचं विश्लेषण शंभर जणांनी केलं. पण दारव्हा-पुसदच्या कोर्टात हे प्रमाणपत्र प्रत्यक्ष कसं भरून येतं, हॅशचा रकाना कोरा किती वेळा, हे बघायला कोर्टाच्या व्हरांड्यात बसावं लागतं. तिथे कुणी बसत नाही.

मग तुम्ही काय करावं? मातीतला डेटा म्हटलं होतं, तो कुठे आहे ते सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१६च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणं सोडून एफआयआर संकेतस्थळावर टाकायचे असतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा आणि ठाणं निवडून ते उतरवता येतात. यवतमाळ जिल्ह्याची तीन वर्षं घ्या. फिर्याद मराठीत असते, पोलिसी मराठीत, "नमूद घटना तारीख वेळी व ठिकाणी यातील फिर्यादी" अशी. त्यातून घटनेची तारीख, तक्रारीची तारीख, रक्कम, पैसे गेले कसे, कलमं कोणती, हे हातानं काढा. पाचशे फिर्यादी हातानं वाचल्याशिवाय यंत्राला हात लावू नका. त्यानंतर मात्र सरांचं मशीन लर्निंग कामाला येतं: पोलिसी मराठीतून ही माहिती आपोआप काढणारं साधन. असा संच घेऊन काम करणारे फार नाहीत. सरांना सांगताना "मराठी फिर्यादींवर मशीन लर्निंग" असं शीर्षक सांगा. ते नाही म्हणणार नाहीत, आणि प्रबंधात दिग्रसवरचं प्रकरण तिसऱ्या क्रमांकावर गुपचूप बसेल.

दोन कुंपणं पाळा. एफआयआर जाहीर असला तरी त्यातली नावं, खाते क्रमांक, मोबाईल पहिल्याच दिवशी काळे करा. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधी गाव आहे. चार हजार वस्तीच्या गावात "५२ वर्षांची अंगणवाडी सेविका" एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं. आणि डार्क वेबवरून (इंटरनेटचा लपलेला, ओळख न देता चालणारा भाग) फुटलेला डेटा "अभ्यासासाठी" उतरवू नका, कुणाच्या संकेतस्थळाची परवानगीशिवाय चाचपणी करू नका. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्यानं प्रकल्प म्हणून एका कार्यालयाच्या सर्व्हरची पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत जायची दारं, तपासली. पोराचा हेतू स्वच्छ होता, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि ६६ (परवानगीशिवाय संगणकात शिरणं) पुढे ठेवून त्याला तीन वेळा जबाबाला बोलावलं.

छापण्याची घाईही नको. यूजीसीनं मे २०१८मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली होती. पैसे घेऊन आठवड्यात छापणारे तरी कुठे गेले नाहीत. नोव्हेंबर २०२२च्या नियमांनंतर प्रबंध देण्याआधी निबंध छापलाच पाहिजे अशी यूजीसीची अट उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र विभागात जाऊन विचारा, फोनवर नको.

ठाण्यात पहिल्यांदा जाल तेव्हा आठवडी बाजाराचा दिवस टाळा, त्या दिवशी ठाणेदार भेटत नाही आणि भेटला तर ऐकत नाही. विद्यापीठाचं पत्र न्या, जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या नावानं, एक प्रत ठाण्याला. लेखनिकाशी आधी बोला. कोणता अर्ज कुठल्या गठ्ठ्यात आहे ते त्यालाच ठाऊक असतं. आणि मोबाईल पर्समध्येच राहू द्या. नोंदवहीचा फोटो काढायला लागलात की वही मिटते. आकडे पेनानं, वहीत उतरवा.